दहा सेकंद

पद्मन तांडेल सकाळी सातला हातगाडीवरून बॅटरी आणतो,
केबलीसकट, घाईत उपटलेली,
दारूखान्याच्या आमच्या फळीवर धपकन ठेवतो.
"मीटर लाव पोरी. बारा दाखवते, बारा सहा.
मग इंजिन का उठत नाय?"

मी मीटर लावते. बारा पॉइंट सहा.
खोटं नाही बोलत ती.
तिच्याकडे अजून कोणी काही मागितलेलंच नाही.

भाऊ म्हणायचे,
रिकाम्या हाताने सगळेच बारा व्होल्ट.

खिळ्यावरून लोड टेस्टर काढते.
लाकडी मूठ, दोन टोकं, मधे नागमोडी पट्टी.
टोकं क्लिपांवर रोवते.
पट्टी आधी काळी, मग पेटत्या विडीसारखी.
काटा घसरतो. अकरा. नऊ.
आठाच्या जरा वर तगून राहतो.
दहापर्यंत मोजायचं मनात, पुढे धरायचं नाही.
सोडलं की काटा पुन्हा बाराच्या घरात,
जसं काही झालंच नाही.

"चार व्होल्ट गेले कुठे?"
तांडेल विचारतो, वजनात मारलेल्या सुरमईचा हिशेब मागावा तसा.
कुठे जाणार? आतच.
प्लेटांवर पांढरा थर धरलाय,
त्यातून बाहेर यायची वाट काढताना
तिचं तीच खाते.
दिव्याला देईल, रात्रभर देईल,
वायरलेसला देईल कुरकुर न करता.
इंजिनला मात्र एका दमात घसघशीत लागतं,
आणि जितकं जास्त ओढाल
तितकं जास्त आतच सांडतं.
पाच-सहा वेळा सेल्फ मारून तिच्या कुशीला हात लाव,
कोमट लागेल.

मार्चमध्ये भाऊ गच्चीवरची टाकी बघायला निघाले
आणि तिसऱ्या जिन्यावर बसून राहिले.
झोपवून काढलेला कार्डिओग्राम अगदी नॉर्मल,
कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पेढे मागायचे तेवढे बाकी.
मग नायरमध्ये पट्ट्यावर चालवलं.
छातीला तारा, पायाखाली पळता रबर,
आणि चढ वाढवत नेणारी, माझ्याच वयाची, रेणुका नावाची मुलगी.
भाऊ धापेतच माझ्याकडे बघून हसले,
"लोड लावतायत."
मी पडद्यावरचे आकडे बघत नव्हते.
मी त्यांचा कान बघत होते, पांढरा होत चाललेला.
"बंद करा," मी म्हणाले,
तिचा हात बटणावर पोचायच्या आधी.

परतताना टॅक्सीत ठणठणीत.
ड्रायव्हरला सांगत होते,
"हॉर्न वाजवलास की लाइट पिवळा पडतोय तुझा.
टर्मिनल बघ आधी.
लोक उगाच बॅटऱ्या बदलतात."

टर्मिनल.
मी वाकून बघते. क्लिपांखाली
हिरवट बुरशी, खारट वाऱ्याची.
बघायला हवी होती आधी. मागून कोणी खाकरतं,
मी वळत नाही.
सोडा, उकळतं पाणी, जुना ब्रश, वर ग्रीसचं बोट.
पुन्हा टेस्टर. पुन्हा दहा.
सव्वानऊ.
एक व्होल्ट तिच्या आत नव्हताच,
जोडात अडकला होता.

"नवी घ्यायला हवी का?" तांडेल.
घे, पण आज नको. आज उठेल इंजिन.
लांब जाऊ नकोस,
आणि दिवे लावून ठेवून सेल्फ मारू नकोस.
तो पैसे मोजतो, दोनदा, आणि जातो.

भाऊ मागे स्टुलावर, नट-बोल्ट वेगळे करत.
बरं वाटतंय का विचारलं तर "मस्त" म्हणतील.
बारा पॉइंट सहा.
म्हणून विचारत नाही.
डिस्टिल्ड वॉटरचा कॅन अर्धाच भरून त्यांच्यापुढे सरकवते
आणि ते उचलून फळीवर ठेवेपर्यंत
मनात मोजत राहते.